दर्या उघडेपर्यंत

निघायच्या दिवशी सकाळी मी एसटीच्या थांब्यावर उभी राहून यादीवर खुणा करत होते. मोठ्या बॅगा, हातातली बॅग, कागदपत्रं. शिरीष, माझा नवरा, पुण्याहून थेट मुंबईच्या विमानतळावर येणार होता. मी आणि आमची नऊ वर्षांची मुक्ता, आम्ही शेवटचे काही दिवस माहेरी काढून तिथूनच निघत होतो. २००१चा मे महिना होता. आमचं गाव दापोली तालुक्यातलं, समुद्राला अगदी लागून. माझे वडील, अण्णा, गावातल्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाले तरी सूचना द्यायची सवय सुटली नव्हती. "पासपोर्ट बॅगेत नको, अंगावर ठेव," ते तिसऱ्यांदा म्हणाले. गाडीचा आवाज आला तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "समुद्राला सांगितलंस का?"

सांगितलं होतं. उजाडताना मी मुक्ताला घेऊन किनाऱ्यावर गेले होते. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून आम्ही दोघींनी नमस्कार केला. आई बरोबर आली होती, पण नेहमीप्रमाणे कोरड्या वाळूवर थांबली. ती तिथेच थांबायची. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही, कारण मीही घोट्याच्या पुढे कधी गेले नव्हते. आमच्यात मुली पाण्यात जात नसत. मुलगे जायचे, कोळणी जायच्या, म्हशीसुद्धा जायच्या. मास्तरांच्या घरातल्या बायका वाळूवर उभ्या राहून सूर्यास्त बघायच्या.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना न्यू जर्सीतल्या पहिल्या वर्षाबद्दल काही सांगायला नको. वेस्ट विंडसरमधलं अपार्टमेंट, भाड्याचा सोफा, सकाळी स्टेशनच्या पार्किंगमध्ये शिरीषला सोडणं, संध्याकाळी आणणं. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. पुण्यात मी बँकेत होते, काउंटर सांभाळायचे, माणसं सांभाळायचे. इथे माझ्या हाताखाली एक फ्रिज होता. मी त्यावर याद्या लावायला सुरुवात केली. ग्रोसरीची, मुक्ताच्या शाळेची, कारपूलची, मराठी मंडळाच्या पॉटलकला कोण काय रांधून आणणार त्याची. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुली मला गमतीनं "शाखाप्रमुख" म्हणायच्या.

मुक्ता टाऊनशिपच्या पूलमध्ये पोहायला शिकली आणि वर्षभरात स्विम टीममध्ये गेली. मी काठावर टॉवेल घेऊन बसायचे. एकदा ती पाण्यातून वर येऊन कठड्याला धरून म्हणाली, "आई, यू ग्रू अप नेक्स्ट टू द ओशन. तुला पोहता कसं येत नाही?" तिला खरंच प्रश्न पडला होता. पुढच्या सोमवारी मी बायकांच्या बिगिनर बॅचमध्ये नाव घातलं. चाळिशी उलटून गेल्यावर पाण्यात तोंड घालायला शिकताना नाकातोंडात किती पाणी जातं ते लिहीत नाही. पण शिकले. तिथे मला पोहायच्या पोशाखात बघणारं ओळखीचं कोणी नव्हतं, हे त्यातलं निम्मं कारण, हे मला पुढे आईमुळे कळलं.

२००३च्या दिवाळीनंतर अण्णा गेले. मी दहाव्याला पोचले. दादा, माझा थोरला भाऊ, चिपळूणला असतो. तो म्हणाला, आई माझ्याकडे येईल. आई म्हणाली, मी कुठेच येणार नाही. मी दोघांना बाजूला ठेवून तिच्या व्हिसाच्या मागे लागले आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती आमच्याकडे आली, सप्टेंबरपर्यंतच्या रिटर्न तिकिटावर.

पहिले काही आठवडे ती घरात नुसती फिरत होती. मग एक दिवस स्वयंपाकघरात भाजी निवडताना म्हणाली, "तुमच्या इथे समुद्र किती लांब?"

"तासाभराचा ड्राइव्ह."

"मग नेत का नाहीस?"

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही चौघं गेलो. हवा गार होती, तरी माणसं आली होती. आई वाळूलगतच्या लाकडी बोर्डवॉकवर एका बाकावर बसली आणि समोरच्या एका म्हाताऱ्या बाईकडे बघत राहिली. बाई चांगली जाडजूड, पांढरे केस, निळा पोहायचा पोशाख. तिनं काठी वाळूत रोवून ठेवली आणि सावकाश पाण्यात गेली, कमरेपर्यंत, मग थोडी पुढे.

"ती कोणाची गं?" आईनं विचारलं.

गावात हाच पहिला प्रश्न असतो. मी म्हटलं, "कोणाची नाही. आपली आपण आली असेल."

आईनं पाण्यातल्या त्या बाईकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "इथे मला कोण ओळखतं?"

"कोणीच नाही."

"मग मला एकदा आत जायचंय. पाय भिजवायला नव्हे. पुरतं."

माझी आई मूळची कऱ्हाडकडची. लग्न होऊन कोकणात आली तेव्हा तिनं पहिल्यांदा समुद्र पाहिला. हे सगळं मला त्या बाकावर कळलं. वरातीची गाडी वळणावर आली, खाली ते सगळं निळं दिसलं आणि तिला वाटलं, आत्ता उतरून पळत जावं. सासू म्हणाली होती, नंतर. नंतर म्हणजे कधी, ते सासूनं सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. मग मुलं झाली. मग ती मास्तरांची बायको झाली, मग मास्तरांच्या बायकोला वय झालं. ओलं लुगडं अंगाला चिकटलेल्या अवस्थेत बंदरावरून घरी येणं तिला शक्यच नव्हतं; दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पोरांनीसुद्धा ते बोलून दाखवलं असतं. उभा जन्म ती समुद्राची गाज ऐकत झोपली आणि एकदाही त्यात उतरली नाही. हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

मला तेव्हाच तिचा हात धरून न्यावंसं वाटलं. पण मेमध्ये तिथलं पाणी बर्फ असतं, आणि आई सत्तरीला आली होती. मी म्हटलं, "आत्ता नाही. जुलैत जाऊ. मी सगळं नीट प्लॅन करते."

आणि मी प्लॅन केला. तुम्ही मला ओळखता. पाण्याचं तापमान कधी किती असतं, भरती-ओहोटीचं टेबल, किनाऱ्यावरचे झेंडे, हिरवा म्हणजे पाणी शांत, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे उतरायचं नाही. रिप करंट म्हणजे किनाऱ्यापासून आत ओढून नेणारा प्रवाह, त्यात सापडलं तर त्याच्याशी झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. लाइफगार्ड कुठल्या बीचवर असतात, किती वाजेपर्यंत. आईच्या मापाचं लाइफ जॅकेट. पायात घालायचे रबरी बूट, कारण तिच्या टाचांना भेगा होत्या. डॉक्टरांना विचारून ब्लड प्रेशरची गोळी सकाळी घ्यायची की आल्यावर.

शिरीष नुकताच तीन आठवड्यांच्या प्रोजेक्टसाठी बार्सिलोनाला जाऊन आला होता. तो म्हणाला, "कशाला या अटलांटिकच्या नादी लागतेस? भूमध्य समुद्र बघ, तलावासारखा. भरती-ओहोटीसुद्धा नावाला. आईंचं रिटर्न तिकीट युरोपवरूनच आहे, चार दिवस तिथे उतरू." मला ते फार आवडलं. दोन-तीन आठवडे मी त्याच्याच मागे होते. डोंगराच्या कुशीतली छोटी खाडी, उथळ तळ, बोटी आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या पिवळ्या गोळ्यांच्या माळा, सगळं शोधून काढलं. मग आम्हा तिघांच्या व्हिसाची चौकशी केली. आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं, शिरीषच्या पासपोर्टवरचा शिक्का संपत आलेला. बाहेर पडलो तर परत घेतील की नाही याची खात्री नाही. वकील म्हणाला, सध्या कुठे हलू नका. वहीतल्या भूमध्य समुद्राच्या पानावर मी रेघ मारली.

मग मी जर्सीतच शांत पाणी शोधलं. किनारपट्टीच्या आतल्या अंगाला, बेटाच्या आडोशाला, लाटाच नाहीत असा एक छोटा बीच होता. दोर लावलेला, लाइफगार्ड बसलेला. जूनमध्ये आईला दाखवायला नेलं. तिनं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"ही खाडी आहे," ती म्हणाली.

"पाणी तेच आहे, आई. खारंच आहे."

"खाडीत डुंबायला मी सातासमुद्रापार आले का?"

मुक्ता हसून हसून वाळूत बसली. त्या पानावरही रेघ.

खरी अडचण जेवणाच्या टेबलावर आली. जुलैतला कुठला शनिवार धरू, असं मी विचारलं, तर आई हातातला घास खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "जुलैत? तेव्हा दर्या बंद असतो."

"इथे नसतो. इथे तोच सीझन आहे."

"नारळी पौर्णिमेच्या आधी कोणी पाण्यात उतरतं का? होड्या वर ओढलेल्या असतात. आपल्या गावची आहेस ना तू?"

"आई, ते पावसाळ्यामुळे. इथे पावसाळा नाही. हा समुद्रच वेगळा."

"वेगळा? मध्ये भिंत आहे का?"

मुक्ता उठून तिचा शाळेचा पृथ्वीगोल घेऊन आली. बोट फिरवत अरबी समुद्रातून आफ्रिकेला वळसा घालून ती जर्सीपर्यंत आली. "टेक्निकली, आजी इज राइट," ती म्हणाली. "इट्स ऑल वन."

"बघ," आई म्हणाली. शिरीष ताटात बघून हसत होता.

कऱ्हाडकडची बाई, पण समुद्राचे नियम ती आमच्यापेक्षा कडक पाळायची. नव्या गावात गेलेली माणसं असंच करतात. आम्ही नाही का, चार जुलैला आमच्या बाल्कनीत अमेरिकेचा सगळ्यांत मोठा झेंडा लावायचो.

ठीक, मी म्हटलं. नारळी पौर्णिमा ते लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार. लेबर डेनंतर लाइफगार्ड जातात, त्यानंतर मी तिला पाण्यात जाऊ देणार नव्हते. त्या आधी ती जाणार नव्हती. या दोन टोकांमध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात सगळं बसवायचं. त्या वर्षी भारतातून मराठी कॅलेंडर कोणी आणलं नव्हतं, म्हणून मी इंटरनेटवर पौर्णिमांचा तक्ता काढला. गुरुपौर्णिमेनंतरची पुढची पौर्णिमा जुलैच्या शेवटी होती, आणि नेमका शनिवार. मला इतका आनंद झाला की मी कोणाला काही बोलले नाही. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

त्या शनिवारी आम्ही पहाटे निघालो. नारळीभात केला होता, एडिसनच्या देशी दुकानातून आणलेला नारळ पिशवीत होता, लाइफ जॅकेट डिकीत. बीचवर पोचल्यावर मी आईच्या हातात नारळ दिला.

"हा कशाला?"

"आज नारळी पौर्णिमा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही; मला ताप आलाय का हे बघावं तसं. "अगं, हा अधिक आहे. अधिक श्रावण. अधिकात सण असतो का? खरा श्रावण पुढे."

अधिक महिना चालू आहे हे मला माहीत होतं. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे म्हणून तिनं माझ्या स्वयंपाकघरात दोन दिवस घालवले होते. तांदूळ भिजत घालायला, वाटायला मीच मदत केली होती. शिरीषनं त्यातले तेरा एका दिवसात खाल्ले. आणि तरी मी फक्त आकाशात पूर्ण चंद्र शोधला. कुठल्या महिन्यातला, हे बघायचं राहिलं.

शिरीष म्हणाला, "वसू, तुझ्या स्प्रेडशीटमध्ये अधिकाचा कॉलम नव्हता वाटतं."

"तू अनारसे खा," मी म्हटलं.

आईनं नारळीभाताचा डबा उघडला. "भात चांगला झालाय," ती म्हणाली आणि वाळूवर बसून समुद्राकडे बघत सावकाश जेवली. मुक्ता पोहून आली. परतताना गाडीत मी मनातल्या मनात हिशेब केला. खरी नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस सोमवारी येत होती आणि लेबर डे त्याच्या पुढच्या सोमवारी. आईचं विमान त्यानंतर लगेच. म्हणजे एक आठवडा. त्यात वादळ आलं, ताप आला, आईचं मन फिरलं, तर संपलं. अण्णा गेल्यापासून ती रोज थोडी थोडी आवरत चालली होती, जेवण, बोलणं, हिंडणं. तिनं स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट होती. ती पुन्हा इतक्या लांब येईल असं मला वाटत नव्हतं. तिलाही वाटत नव्हतं.

तो सोमवार उजाडला तो ढगाळ. दक्षिणेकडे कुठेतरी वादळ होतं. आमच्याकडे पाऊस नव्हता, पण लाटा उंच येत होत्या आणि झेंडा लाल होता. शिरीषला ऑफिस होतं. आम्ही तिघी गेलो. "आज नाही, आई," मी म्हटलं. तिनं मान हलवली. पण नारळ वाहायचा होता. तिनं हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि जमेल तेवढ्या जोरात नारळ फेकला. पुढच्या लाटेनं तो तिच्या पायाशी आणून ठेवला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. गावात पोरं पाण्यात उड्या मारून नारळ घेतात. इथे घेणारं कोणी नव्हतं, म्हणून तो येत राहिला. आईचा चेहरा उतरला. "घेत नाहीये तो," ती हळूच म्हणाली.

उंच खुर्चीवरची लाइफगार्ड खाली उतरून आमच्याकडे आली. कॉलेजातली असावी, नाकावर पांढरं क्रीम फासलेलं. तिला वाटलं आमची काही वस्तू वाहून चाललीय. मुक्तानं तिला समजावलं: माय ग्रँडमा, द ओशन, थँक यू म्हणायची पद्धत, आणि आता तो घेत नाहीये म्हणून ती सॅड आहे.

"पास्ट द ब्रेकर्स?" मुलीनं विचारलं. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे न्यायचा का, असं. तिनं सहकाऱ्याला खूण केली, आपली लांब फळी घेतली, नारळ काखेत धरला आणि लाटांच्या वरून वल्हवत आत गेली. पलीकडे पोचल्यावर तिनं तो दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला.

"कोणाची गं ही?" आई म्हणाली. या वेळी तिला उत्तर नको होतं. ती मुलगी परत आली तेव्हा आईनं तिच्या ओल्या हातावर नारळाची वडी ठेवली. तिनं ती उभ्याउभ्या खाल्ली आणि मुक्ताला सांगितलं: वादळ लांब जातंय, गुरुवारी सकाळी पाणी शांत असेल. माझ्या खुर्चीसमोर या, तिथे तळ सपाट आहे.

बुधवारी रात्री आईनं मुक्ताला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. काय चाललंय ते मला गुरुवारी बीचवरच्या चेंजिंग रूममधून ती बाहेर आली तेव्हा कळलं. शिरीषची काळी ट्रॅक पँट, घोट्याशी दुमडलेली. मुक्ताच्या स्विम टीमचा लांब बाह्यांचा टीशर्ट, पाठीवर पळणारा मासा. केसांचा अंबाडा घट्ट. साडीशिवाय मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

"बघत राहू नका," ती म्हणाली. "जॅकेट आणा."

पाणी खरंच शांत होतं, झेंडा हिरवा. आई मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुक्ता. घोटे. ती थांबली. इथवर तिला ठाऊक होतं. मग गुडघे. मग मांड्या, आणि गारठ्यानं तिच्या तोंडून "अगं आई" निघालं. कमरेपर्यंत गेल्यावर एक लाट आली, मोठी नव्हे, पण तिच्या छातीवर आदळली आणि आई पाण्यात चक्क बसली. मी ओरडले. जॅकेटनं तिला वर आणलं. खोकत, डोळे पुसत ती हसायला लागली. अण्णा गेल्यापासून तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. "तेवढंच खारट आहे," ती म्हणाली. "अगदी तेवढंच."

मुक्तानं तिला पाठीवर झोपवलं. पूलमध्ये लहान मुलांना शिकवतात तसं, मानेखाली एक हात, कमरेखाली एक. "आजी, लुक ॲट द स्काय. पोट वर. रिलॅक्स." आईचे कान पाण्यात होते, त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय हे तिला कळत नव्हतं. सगळ्या बीचला ऐकू जाईल अशा आवाजात ती आकाशाकडे बघत म्हणाली, "वसू, पाणी धरतं गं माणसाला."

खुर्चीवरच्या मुलीनं मान वळवून पाहिलं आणि हात हलवला. मुक्तानं कमरेखालचा हात काढून घेतला. आईला ते समजलं नाही. मला दिसलं, आणि मी माझे दोन्ही हात पाण्याखाली तयार ठेवले. लागले नाहीत.

घरी येताना गाडीत ती मागच्या सीटवर टॉवेलमध्ये गुंडाळून बसली होती. केस पुसता पुसता म्हणाली, "गावात सांगू नकोस हं."

"दादाला?"

"त्याला तर मुळीच नको."

मी सांगितलं नाही. आठवडाभरात ती गेली. नेवार्कच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत ती पुन्हा मास्तरांची बायको झाली होती. नीट चोपून नेसलेली साडी, हातात पर्स, गळ्यात पाऊच, त्यात पासपोर्ट.

पुढची वर्षं भरभर गेली. ग्रीन कार्ड आलं. मी नोकरीला लागले, आता ऑफिसातले लोक माझ्या याद्यांवर चालतात. घर घेतलं, त्याच्या मागच्या अंगणात कढीपत्ता हिवाळ्यात आत आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवते. मुक्ता गाडी चालवायला शिकायच्या घाईत आहे. दर ऑगस्टमध्ये, खरी नारळी पौर्णिमा नीट बघून, आम्ही शोअरला, म्हणजे जर्सीच्या किनाऱ्यावर, जातो. आईचे गुडघे मात्र गेले. "आता मी नाही, तूच ये," ती फोनवर म्हणायची.

गेल्या डिसेंबरात मी एकटीच गावी गेले. आई रोज संध्याकाळी काठी टेकत किनाऱ्यावर येते, बरोबर शेजारच्या जोगळेकरकाकू. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या. एकमेकींना विचारल्याशिवाय लोणचंही घालत नाहीत. मी त्यांच्याबरोबर वाळूवर बसत होते. एक दिवस आई पाण्याकडे बघत म्हणाली, "आज वारा नाही. भरती आहे अजून. तू पोहत का नाहीस?"

"इथे?"

"मग कुठे? ओहोटी लागायच्या आत बाहेर ये. त्या काळ्या खडकाच्या पुढे जाऊ नको, तिथे ओढ असते."

"लोक बघतील, आई."

"बघू देत."

मी ओढणी तिच्या मांडीवर ठेवली आणि पंजाबी ड्रेसमध्ये आत गेले. क्रिकेट खेळणारी पोरं थांबली. जाळी आवरणाऱ्या माणसांतलं कोणीतरी म्हणालं, "मास्तरांची वसू ना ही?" माझे कान तापले. न्यू जर्सीत मी कमरेपर्यंतचं पाणी असंच चालून जाते. इथे प्रत्येक पाऊल मला मोजून टाकावं लागलं. मग तळ सुटला आणि मी पोहायला लागले.

खडकाच्या अलीकडे वळून मी किनाऱ्याकडे पाहिलं. तिथून ऐकू काही येत नव्हतं. आई काकूंना काहीतरी सांगत होती. तिनं हात आधी कमरेला लावला. मग वर नेत नेत छातीपर्यंत आणला. काकूंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मी निथळत बाहेर आले तेव्हा काकू रागावलेल्या होत्या. "तीन वर्षं मला बोलली नाही ही. मेली, तीन वर्षं. आणि घातलं काय होतंस म्हणे? जावयाची विजार?"

"साडीनं बुडले असते," आई म्हणाली.

"जावई काय म्हणाले?"

"धुऊन परत दिली त्यांना."

काकूंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला, आणि मग आईच्या कानाशी लागून विचारलं, "उद्या भरती किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो. काकूंनी निऱ्या वर खोचल्या होत्या. दोघी एकमेकींचा हात धरून गुडघ्यापर्यंत आल्या आणि तिथे उभ्या राहिल्या, पाठीमागे सगळं गाव. मी पुढे गेले. कोणी ओळखत नाही म्हणून मी परक्या देशात पोहायला शिकले, आणि सगळे ओळखतात म्हणून इथे कितीतरी राहून गेलं. मग यातलं घर कुठलं, हा हिशेब मी बरीच वर्षं करत होते. दोन्हीकडे बाकी उरायची. त्या संध्याकाळी खडकाजवळ पोचत होते तेवढ्यात मागून आईची हाक आली, "वसू, पुरे. मागे फिर." मला अजून पुढे जाता आलं असतं, मुक्ताबरोबर जाते तेव्हा याच्या दुप्पट जाते. मला सांभाळून कसं पोहायचं ते येतं, आईलाही ठाऊक आहे. तरी ती पाण्यात उभी राहून हाक मारते, आणि मी वळते. सध्या मी घर म्हणते ते याला.